तापमान ५० असताना ‘तापला’ म्हणून संगणक बंद पडतो, तेव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही पुढचं नीट कळेल. दोन वर्षं जुना डेस्कटॉप आहे, त्यावर तुम्ही लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता. मार्चपासून तो दिवसातून एकदा-दोनदा आपोआप बंद पडतो. दुकानदाराने आधी प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, मग एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला, शेवटी फॉरमॅट मारला. फरक शून्य. तापमान पाहावं तर ४५ ते ५०. मशिनमध्ये मदरबोर्डाबरोबर (पुढे नुसता ‘बोर्ड’) आलेलं युटिलिटी सॉफ्टवेअर आहे, कूलरचे दिवे आणि पंप सांभाळणारं एक आहे आणि तुम्ही स्वतः टाकलेला तापमान दाखवणारा एक प्रोग्राम आहे. तिन्ही कायम चालू असतात. आणि अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलंय की बंद पडण्याआधी क्षणभर विंडोजचा ‘शटिंग डाउन’चा पडदा दिसतो.

ते शेवटचं वाक्य तुम्ही पहिलं लिहायला हवं होतं. एसएमपीएस गेला, वायर सैल झाली किंवा प्रोसेसर खरोखरच भाजायला लागला, तर वीज तिथल्या तिथे तुटते. विंडोजला पडदा दाखवायला वेळच मिळत नाही. पडदा दिसला याचा अर्थ कुणीतरी विंडोजला रीतसर ‘बंद हो’ असं सांगितलं आणि विंडोजने ते ऐकलं. म्हणून आता पेस्ट, पंखे, एसएमपीएस यांच्यावर आणखी एक रुपया खर्च करू नका. ज्याने सांगितलं त्याला शोधायचंय, आणि त्याला असं सांगावंसं का वाटलं ते शोधायचंय.

उष्णतेच्या नावाखाली मशिन बंद पडतं ते तीन वेगवेगळ्या वाटांनी. पहिली वाट प्रोसेसरची स्वतःची. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. तिथे पोचला की प्रोसेसर आधी वेग कमी करतो. तरीही तापत राहिला आणि त्या मर्यादेच्या बराच वर गेला, तर तो बोर्डाला थेट इशारा देतो आणि बोर्ड वीज कापतो. हे सगळं चिपच्या आत घडतं. त्यात विंडोज नाही, सॉफ्टवेअर नाही. पडदा तत्क्षणी काळा. दुसरी वाट एसीपीआयची, म्हणजे बोर्ड आणि विंडोज यांच्यातल्या ठरलेल्या बोलण्याची. बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) विंडोजला एक धोक्याचा आकडा देऊन ठेवतं आणि तो ओलांडला गेला असं दिसलं की विंडोज स्वतः मशिन बंद करतं. तिसरी वाट कुठल्यातरी प्रोग्रामची. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अमुक अंशाला बंद कर’ असं कुठेतरी टिक केलेलं असतं, पुष्कळदा कंपनीनेच आधीपासून. तो आकडा दिसला की प्रोग्राम आपलं काम करतो.

यातली कोणती वाट, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. विंडोज लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम, आणि बंद पडलेल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा. १०७४ क्रमांकाची नोंद सापडली तर तिच्यात कोणत्या प्रोसेसने शटडाउन मागितला ते नाव लिहिलेलं असतं. केवळ ४१ क्रमांक, स्रोत कर्नल-पॉवर, आणि सोबत ६००८ असेल, तर मशिन न सांगता मेलं. ती पहिली वाट, किंवा विजेची भानगड. कर्नल-पॉवरचीच ८६ क्रमांकाची नोंद असेल तर ती दुसरी वाट, आणि कोणत्या थर्मल झोनने (तापमान मोजायच्या ठिकाणाने) बोंब मारली तेही तिथे असतं. त्यात तापमान केल्विनमध्ये येतं. ३९२ वाचून घाबरू नका, त्यातून २७३ वजा करा, ११९ अंश उरतात.

तुमच्याकडे १०७४ सापडेल असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. एक काळजी घ्या. नोंदीत कधी कधी त्या प्रोग्रामचं नाव येत नाही, विंडोजच्याच शटडाउन.ईएक्सई चं येतं. कारण प्रोग्रामने स्वतः काही केलेलं नसतं, त्याने विंडोजची ती आज्ञा चालवलेली असते. लोक ते वाचून म्हणतात, ‘हे तर विंडोजनेच केलं’, आणि तपास तिथेच सोडून देतात. वेळ लिहून घ्या आणि तिन्ही प्रोग्रामांच्या अलर्टच्या सेटिंग एकेक करून उघडून पाहा. तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामांपैकी एडा६४ मध्ये अलर्टवर शटडाउन लावता येतो. कोअर टेंपमध्ये ओव्हरहीट प्रोटेक्शन आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये अलर्टवर हवा तो प्रोग्राम चालवता येतो. बोर्डाच्या युटिलिटीत हे बहुधा ‘प्रोटेक्शन’ किंवा ‘वॉर्निंग’ असल्या नावाखाली दडलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. तापमान ५० असताना प्रोग्रामला ९० किंवा १०० दिसलं कुठून?

तुमच्या बोर्डावर एक सुपर आय-ओ चिप आहे. आयटीई किंवा नुवोटॉन असं काहीतरी तिच्यावर छापलेलं असेल, जुन्या बोर्डांवर विनबाँड. पंख्यांचे फेरे, वेगवेगळी व्होल्टेज, बोर्डावरचे तापमान सेन्सर, हे सगळं ती मोजते. चिपच्या आत आकड्यांचे पुष्कळ खाने आहेत, पण बाहेरून आत पाहायला खिडकी एकच. ती खिडकी दोन पत्त्यांची: पारंपरिक जोडी म्हणजे हेक्स (सोळाच्या पटीत लिहायची संख्यापद्धत) २९५ आणि २९६. पहिल्या पत्त्यावर खान्याचा नंबर लिहायचा, मग दुसऱ्या पत्त्यावरून त्या खान्यातला आकडा उचलायचा. काम दोन पायऱ्यांचं आहे आणि या दोन पायऱ्यांच्या मध्ये फट आहे.

तहसील कचेरीतली जुनी रेकॉर्ड रूम डोळ्यांपुढे आणा. खिडकीत एकच पाटी. पाटीवर फाइलचा नंबर लिहायचा आणि हात पुढे करायचा; आतला माणूस पाटी वाचून त्या नंबरची फाइल हातात ठेवतो, मागणारा कोण हे तो पाहत नाही. तुम्ही २९ लिहिलं. हात पुढे करायच्या आत दुसऱ्याने पाटी पुसून ३२ लिहिलं. आता तुमच्या हातात ३२ नंबरची फाइल पडते आणि तुम्ही ती २९ समजून वाचता. आतल्या माणसाची चूक नाही, फाइलही खोटी नाही, फक्त ती तुमची नाही. नुवोटॉनच्या चिपांमध्ये तर आणखी एक पायरी आहे. खाने बँकांमध्ये वाटलेले असतात आणि आधी ४ई या खान्यात बँकेचा नंबर लिहावा लागतो. म्हणजे फट आणखी रुंद.

दोन प्रोग्राम एकाच वेळी ही चिप वाचत असले की हेच होतं. प्रत्येक वाचन काही मायक्रोसेकंदांचं, त्यामुळे टक्कर क्वचित होते. पण तीन प्रोग्राम सेकंदा-सेकंदाला पाच-पंचवीस खाने वाचत असतील, तर दिवसभरात लाखो वेळा ती फट उघडते. दिवसातून एक-दोनदा नेम चुकायला तेवढं पुरे. तुम्ही म्हणता की एक्स्पोर्ट चालू असतानाच जास्त बंद पडतो, त्यामुळे उष्णतेचा संशय आला. मशिनवर भार असताना विंडोज प्रत्येक प्रोग्रामला मधेच थांबवून दुसऱ्याला वेळ देत असतं. पाटीवर नंबर लिहून झाला आणि हात पुढे करायच्या आधीच प्रोग्राम थांबवला गेला, असं होण्याची शक्यता भाराखाली वाढते. लक्षण अगदी गरमीसारखं दिसतं, कारण मात्र निराळं.

चुकलेला आकडा ओळखायला शिका. तापमानाचा खाना बहुधा आठ बिटांचा असतो, उणे १२८ ते अधिक १२७ एवढाच. १२७ किंवा उणे १२८ दिसलं तर पुष्कळदा त्या पिनांना सेन्सरच जोडलेला नसतो, रिकाम्या टोकाचं ते वाचन असतं. २५५ किंवा उणे १ म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही, सगळे बिट एक. हे आकडे इतके विचित्र असतात की माणसाला लगेच शंका येते. फसवतात ते पटण्यासारखे आकडे. त्याची एक हकीकत सांगतो, कारण तुमच्या मशिनमध्येही तेच असण्याचा दाट संभव आहे.

अकोल्यात माझ्याकडे एका कर सल्लागारांच्या ऑफिसातलं मशिन आलं होतं. मे महिना, बाहेर पारा ४४ वर, त्यामुळे आधीच्या दोघांनी ‘उन्हाळा आहे, तापतंय’ म्हणून सोडून दिलेलं. नवा कूलर लागला होता, कॅबिनेटला दोन जादा पंखे लागले होते, आणि मशिन तरीही रिटर्न भरता भरता मधेच बंद पडत होतं. १०७४ ची नोंद होती. बोर्डाच्या युटिलिटीत ९० अंशाला शटडाउन लावलेला होता. मी तेवढा शटडाउन काढून टाकला, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं आणि एका वेगळ्या प्रोग्रामने दर सेकंदाला नोंद करायला लावली. कॅबिनेटचं झाकण काढून हीटसिंकच्या तांब्याच्या नळीला बोट लावून बसलो. दोन-अडीच तासांनी पडद्यावर आकडे असे आले: ४७, ४७, ४८, १००, ४७, ४८. बोटाखालची नळी कोमट. वेग जराही कमी झाला नव्हता.

शंभर. नेमके शंभर. रात्रीत तीनदा आले, तिन्ही वेळा शंभर. खरी उष्णता अशी एकाच आकड्यावर येऊन बसत नाही. मग मी त्याच चिपचे बाकीचे खाने पाहायला घेतले. आयटीईच्या काही चिपांमध्ये व्होल्टेज मोजायची एक पायरी १२ मिलिव्होल्टची असते. डीडीआर४ रॅमचं नेहमीचं व्होल्टेज १.२. त्याला १२ मिलिव्होल्टने भागा: १००. तापमानाच्या जागी रॅमच्या व्होल्टेजचा खाना वाचला जात होता! खात्री करायला बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी (जास्त वेगाची तयार सेटिंग) सुरू केलं, व्होल्टेज १.३५ झालं, आणि पुन्हा वाट पाहत बसलो. पुढचा खोटा आकडा आला तो ११२. १.३५ ला १२ मिलिव्होल्टने भागलं की ११२.५ येतात, चिप पूर्णांकच देते. त्यानंतर शंकेला जागाच उरली नाही. युटिलिटी काढून टाकली, त्या जादा पंख्यांपैकी एकही लागत नव्हता. त्या गृहस्थांचे कूलर आणि पंख्यांचे पैसे वाया गेलेच, पण त्यांना जास्त लागलं ते अर्धवट राहिलेल्या कामाचं, आणि त्यांच्या जागी असतो तर मलाही तेच लागलं असतं.

हे टाळायची सोय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी केलेली आहे. विंडोजमध्ये एक सामायिक कुलूप ठेवता येतं, त्याला म्यूटेक्स म्हणतात. चिपला हात लावण्याआधी कुलूप घ्यायचं, दोन्ही पायऱ्या पूर्ण करायच्या, मग कुलूप सोडायचं. आयएसए बससाठी एक, एसएमबससाठी एक, पीसीआयसाठी एक (या चिपांपर्यंत जायच्या वेगवेगळ्या वाटा) अशी ठरलेल्या नावांची कुलपं एचडब्ल्यूइन्फो, एडा६४, सीपीयू-झेड यांच्यासारखे प्रोग्राम आपापसात पाळतात. म्हणून यांच्यातले दोन एकत्र चालले तर सहसा बिघडत नाही. पण हा सगळा समजुतीचा मामला आहे, विंडोज कुणावर सक्ती करत नाही. तिसरा एखादा प्रोग्राम कुलूप न घेता आत शिरला, की कुलूप पाळणाऱ्यांचीही वाचनं चुकतात आणि त्याची स्वतःचीही. रांगेत उभं राहणाऱ्यांना रांग मोडणाऱ्याचा त्रास होतो तसंच. शिवाय बोर्डाचं स्वतःचं फर्मवेअरही (बोर्डाच्या चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर) अधूनमधून तीच चिप वाचतं, आणि त्याला विंडोजमधलं कुलूप दिसतच नाही.

प्रोसेसरच्या आतला सेन्सर मात्र या खिडकीतून वाचला जात नाही. इंटेलमध्ये तो प्रोसेसरच्याच आतल्या एका खान्यातून (रजिस्टरमधून) थेट, एका पायरीत मिळतो आणि ‘मर्यादेपासून किती अंश खाली’ असा आकडा देतो. त्यामुळे कोअरचं तापमान आणि बोर्डाने दाखवलेलं ‘सीपीयू’ तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. टक्कर दुसऱ्यात होते. रायझनमध्ये तापमान पीसीआयच्या एका खिडकीतून वाचतात आणि तिथेही आधी पत्ता, मग आकडा हीच रीत आहे, म्हणून तिथेही कुलूप लागतंच.

रायझनचं नाव निघालंच आहे तर आणखी एक सांगून टाकतो. २०१७ मध्ये आलेले १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्यासाठी म्हणून खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा देत असत. पुढच्या वर्षीच्या २७००एक्स मध्ये ही भर १० अंशांची होती. ज्या प्रोग्रामला ही भर ठाऊक नव्हती तो ७५ ला ९५ म्हणायचा. ही टक्कर नव्हे, पण परिणाम तोच. असा प्रोसेसर वापरात असेल तर जुना प्रोग्राम ठेवू नका.

तुमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे कूलरवाल्याकडे, वेगळ्या नजरेने पाहा. पाण्याच्या कूलरचा पंप बहुधा यूएसबीवरून बोलतो. कूलरचं सॉफ्टवेअर आणि तापमानाचा प्रोग्राम दोघेही त्याला विचारायला लागले, की एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती पडतं. मग पंपाचे फेरे क्षणभर ० दिसतात किंवा पाण्याचं तापमान भलतंच दिसतं. पंप थांबला तर मशिन बंद कर असा अलर्ट लावलेला असेल, तर तोही तुमचा गुन्हेगार असू शकतो. रॅमवरचे दिवे एसएमबसवरून चालतात, त्याच तारांवर रॅमची माहिती देणारी चिप असते आणि डीडीआर५ मध्ये तिच्यातच तापमानाचा सेन्सरही असतो. दिवे रंगवणारा प्रोग्राम आणि तापमान वाचणारा प्रोग्राम तिथेही एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आता तुम्ही काय करायचं ते क्रमाने सांगतो. घाई करू नका, एका वेळी एकच बदल.

आधी तिन्ही प्रोग्रामांमधला शटडाउनचा अलर्ट बंद करा, प्रोग्राम चालू राहू द्या. यात धोका आहे का? तुमच्या बाबतीत नाही, कारण प्रोसेसरचं स्वतःचं संरक्षण चिपच्या आत आहे आणि ते कुठल्याही प्रोग्रामने बंद होत नाही. बायोसमधलं तापमानाचं संरक्षण मात्र अजिबात काढायचं नाही. काही जण सल्ला देतात ‘बायोसमध्ये डिसेबल करून टाक’, तो ऐकू नका. मग तुमच्या तापमानाच्या प्रोग्रामला दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये लिहायला लावा आणि दोन दिवस नेहमीसारखं काम करा. फाइल एक्सेलमध्ये उघडून प्रत्येक रकान्याचा सगळ्यात मोठा आकडा काढा आणि त्याच्या वरच्या-खालच्या पाच-पाच ओळी पाहा.

खरी गरमी चढण चढत येते. भार पडला की कोअरचं तापमान झटकन वर जाऊ शकतं, एका सेकंदात वीस-तीस अंशही, पण मग ते तिथे टिकतं, आणि भार उतरला की आधी पटकन आणि नंतर सावकाश खाली येतं. बोर्डाचा सेन्सर तर आणखी संथ असतो. एकाच ओळीत उडी आणि पुढच्याच ओळीत पूर्ववत, त्याच वेळी वेग आणि वॅट जसेच्या तसे, असं दिसलं तर ती टक्कर. आणि हा पुरावा सगळ्यात पक्का: प्रोसेसर खरंच १०० च्या वर गेला असता तर त्याने वेग आधीच कमी केला असता. वेगाच्या रकान्यात तसं काही नसेल तर तो आकडा खोटा आहे.

टक्कर पटली की बोर्डाची युटिलिटी काढा. साध्या अनइन्स्टॉलने भागत नाही. त्यांच्या सर्व्हिस आणि ड्रायव्हर मागे राहतात आणि पडद्यावर काहीही दिसत नसताना चिप वाचत बसतात. सर्व्हिसेसची यादी पाहा, मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स हे साधन घेऊन ड्रायव्हरचा भाग पाहा, बोर्डाच्या कंपनीचं जे जे उरलंय ते काढा. आणि बायोसमध्येही एकदा डोकवा. काही बोर्डांच्या बायोसमध्ये असा पर्याय असतो की नवं विंडोज टाकलं की बोर्डाचं सॉफ्टवेअर आपणहून उतरवायचं. फॉरमॅट मारूनही तुमचा त्रास गेला नाही, त्याचं कारण बहुधा हेच; गुन्हेगार दारातून बाहेर काढला आणि तो खिडकीतून परत आला. तो पर्याय बंद करा.

पंखे बायोसकडे सोपवा. सीपीयूच्या पंख्याला स्रोत म्हणून सीपीयूचंच तापमान निवडा आणि चढती रेषा लावा. पंखे सॉफ्टवेअरच्या हाती असणं मला कधीच पटलेलं नाही. सॉफ्टवेअर चिपला ‘मी सांगेन तेवढंच फिरव’ अशा अवस्थेत टाकतं आणि मधेच स्वतः कोसळलं, तर पंखा शेवटच्या आकड्यावर अडकून बसतो. शेवटचा आकडा रात्रीच्या शांत वेळचा असेल, तर सकाळी एक्स्पोर्ट लावल्यावर खरीखुरी गरमी होते. मार्च २०२५ पासून यात भर पडली. पंखे चालवणाऱ्या अनेक मोफत प्रोग्रामांच्या पोटात विनरिंग-झिरो नावाचा एकच जुना ड्रायव्हर असे, त्यात सुरक्षेची गंभीर त्रुटी आहे, आणि विंडोज डिफेंडर त्याला धोकादायक म्हणून अडवायला लागला. ज्यांचे पंखे त्यावर अवलंबून होते त्यांचा पंख्यांवरचा ताबाच गेला. डिफेंडरला गप्प करून तो ड्रायव्हर परत चालू करू नका. तो ड्रायव्हर न वापरणारी नवी आवृत्ती घ्या किंवा बायोसवर विसंबून राहा.

हे सगळं झालं की मशिन बंद करा, एसएमपीएसच्या मागचा खटका बंद करा, वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सुपर आय-ओ चिप स्टँडबायच्या विजेवर जागी असते. नुसत्या रीस्टार्टने तिच्यातली गोंधळलेली अवस्था कधी कधी तशीच राहते. लोक युटिलिटी काढतात, रीस्टार्ट करतात, आकडा अजूनही चुकतो, आणि ‘हेही कारण नव्हतं’ म्हणून पुन्हा एसएमपीएसच्या मागे लागतात.

लॅपटॉपवाल्यांसाठी दोन शब्द. तिथे सुपर आय-ओच्या ऐवजी एम्बेडेड कंट्रोलर असतो, पत्ते हेक्स ६२ आणि ६६. पंखा, तापमान, बॅटरी, कधी कधी कीबोर्डही त्याच्याच हातात. त्याला दोन बाजूंनी एकदम विचारणा झाली की तो नुसता चुकीचं सांगून थांबत नाही, कधी कधी अडकून बसतो. बॅटरी गायब दिसते, पंखा पूर्ण वेगाने सुटतो किंवा थांबतो. लॅपटॉपवर कोअरचं तापमान वाचा, एम्बेडेड कंट्रोलरचे सेन्सर वाचणं प्रोग्रामच्या सेटिंगमधून बंद ठेवा.

लिनक्सवर हा प्रश्न जास्त सरळपणे हाताळलाय. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसलं की फर्मवेअरनेही हेच २९५-२९६ पत्ते आपल्याकडे राखलेत, तर तो इशारा छापतो आणि सेन्सरचा ड्रायव्हर चढवायलाच नकार देतो. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो की बूट करताना एसीपीआयची सक्ती ‘लॅक्स’, म्हणजे ढिली, करा. बऱ्याच बोर्डांवर त्याने काम चालतं हे खरं, पण त्याचा अर्थ तुम्ही टक्कर होऊ द्यायला संमती दिली. घरच्या मशिनवर करून पाहायला हरकत नाही, ज्या सर्व्हरवर दुसऱ्यांचं काम चालतं तिथे मी करत नाही. बसला आंधळेपणाने हात लावण्याची किंमत लिनक्सवाल्यांनी फार पूर्वी मोजलेली आहे. एलएम-सेन्सर्स या लिनक्सवरच्या सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या काळात सेन्सर शोधता शोधता आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपमधल्या ईईप्रॉममधली (कायम माहिती साठवणाऱ्या चिपमधली) माहिती बिघडायची आणि लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. त्यामुळे त्या चिपसेटच्या ड्रायव्हरमध्ये ‘हे आयबीएमचं मशिन आहे, मी चढणार नाही’ अशी तपासणीच घातली गेली.

तुमच्या मशिनकडे परत. कूलरचं आणि तापमानाचं सॉफ्टवेअरही तूर्त काढून ठेवा आणि हे सगळं करून आठवडा काढा. तुम्ही स्वतः बंद न करता १०७४ ची नवी नोंद आली नाही तर कूलरचं सॉफ्टवेअर एकटं परत टाका, पुन्हा चार दिवस पाहा. मग तापमानाचा एकच प्रोग्राम टाका, जो कुलूप पाळतो असा, आणि कूलरचा पंप त्याच्या वाचनातून वगळा. बोर्डाची युटिलिटी परत टाकू नका, तिच्यावाचून तुमचं एडिटिंग अडत नाही.

आणि १०७४ सापडलीच नाही, नुसती ४१ सापडली आणि पडदा दिसल्याचा तुमचा भास होता असं निघालं, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. मग घरातलं सॉकेट बदलून पाहा, यूपीएसची बॅटरी पाहा, प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा, ग्राफिक्स कार्डाची वायर पाहा. दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणीचा प्रोग्राम) चालवा आणि कोअरचं तापमान व वेग दोन्हींवर नजर ठेवा. तो तपास वेगळा आहे आणि त्यासाठी नोंदींची ती फाइल जपून ठेवा. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या दहा ओळी त्यात असतील, त्या मला पाठवा.